गाडीचाही सातबारा असतो

मीटरवर आकडा होता ४८ हजार. गाडी २०१४ पासिंगची, पांढरी, धुऊन-पुसून उभी केलेली, टायर काळे कुळकुळीत. विकणारा म्हणाला, "घरीच उभी असती, लग्नकार्यालाच तेवढी काढतो." चुडाव्याहून माझ्याबरोबर नांदेडला आलेल्या चुलतभावाचा हात इसाराच्या पैशांसाठी खिशात गेलाच होता. मी ड्रायव्हरच्या बाजूचं दार पूर्ण उघडलं. आतल्या खांबावर, कुणाची नजर सहसा जात नाही अशा जागी, ऑइल बदलल्याचं एक पिवळं स्टिकर होतं. पेनानं लिहिलेलं, अर्धंमुर्धं पुसलेलं, पण वाचता येत होतं. पुढची सर्व्हिस ९१ हजारांवर.

आम्ही रिकाम्या हातानं परत आलो. इंजिनातलं मला तेव्हाही कळत नव्हतं, आजही फारसं कळत नाही. "आपल्याला गाडीतलं काय कळतंय" म्हणून जो माणूस सगळं दुसऱ्यावर सोपवतो, त्याला मी हा प्रसंग आवर्जून सांगतो. जुनी गाडी घेताना फसण्याच्या बहुतेक जागा नुसतं वाचून आणि नीट पाहून सापडतात.

"ओळखीचा मेस्त्री सोबत असला की झालं."

मेस्त्री हवाच. पण तो बोनेट उघडतो, कागद उघडत नाही. आणि माझ्या पाहण्यात माणसं इंजिनापेक्षा कागदात जास्त अडकली आहेत. इंजिन बिघडलं तर पैसे घालून नीट होतं. कागद अडला तर पैसे देऊनही माणूस हेलपाटे घालत राहतो.

आपल्याकडं गुंठाभर जमीन घ्यायची तर माणूस आधी सातबारा काढतो. इतर हक्कात कुणाचा बोजा आहे का बघतो. खरेदीखत झालं तरी फेरफार होऊन नाव लागेपर्यंत त्याला झोप लागत नाही. तोच माणूस तीन लाखांची गाडी घेताना बाँडवर दोन सह्या आणि किल्ली एवढ्यावर समाधानी होतो. गाडीचा सातबारा म्हणजे आरसी. तिच्यावरही बोजा असतो, कर्ज देणाऱ्या बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या नावानं. आणि फेरफार म्हणजे आपण ज्याला टीटी म्हणतो ते, आरटीओतलं मालकी हस्तांतर.

आपलं गाव चुडावा पूर्णा तालुक्यातलं, जिल्हा परभणी, पण दवाखाना, बाजार, कापडखरेदी सगळं नांदेडला. त्यामुळं इथं येणारी गाडी बहुतेक नांदेडच्या २६ पासिंगची असते आणि नाव मात्र परभणीच्या आरटीओत, म्हणजे २२ ला लागतं. नंबर बदलावा लागत नाही. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एमएच २६ तसाच राहतो. पण या दोन कार्यालयांच्या फेऱ्यांचा कंटाळा करून "नंतर बघू" म्हणणारे फार आहेत.

"टीटी फॉर्मवर सह्या घेतल्यात, गाडी आपली झाली."

नाही झाली. फॉर्म २९ हा विकणाऱ्यानं आरटीओला कळवण्याचा आणि ३० हा घेणाऱ्यानं नाव लावून मागण्याचा. सही करून ते घडी घालून डॅशबोर्डात ठेवले तर त्यांचा काही उपयोग नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमात मुदत दिलेली आहे: राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत.

यात विकणाराही धोक्यात असतो. सर्वोच्च न्यायालयानं ६ फेब्रुवारी २०१८ ला 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या खटल्यात निकाल दिला. गाडी २००७ मध्ये विकलेली. पुढं ती हातोहात फिरत गेली, पण आरसीवर नाव पहिल्याच माणसाचं राहिलं. २००९ मध्ये अपघात झाला, एक जीव गेला. कोर्टानं सांगितलं, आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच कायद्यानं मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी दोन वर्षं त्याच्या दारात नव्हती, तरीसुद्धा. हा निकाल विकणाऱ्याला समजावून सांगा. सही देऊन मोकळा होणारा माणूसही मग स्वतःहून आरटीओच्या कामाच्या मागं लागतो.

घेणाऱ्याचं नुकसान वेगळं आहे. मूळ मालक वारला किंवा गाव सोडून गेला, की वारसांच्या सह्या गोळा करण्यात वर्ष जातं. तोवर गाडी धड विकता येत नाही, आणि स्वतःच्या नुकसानीचा विमाही हाती लागत नाही.

बोजाचं मी स्वतः भोगलंय. माझ्या पहिल्या गाडीचं कर्ज फिटलेलं होतं आणि कर्ज देणाऱ्या संस्थेचं तसं पत्रही मालकानं दाखवलं. मी निश्चिंत झालो. आरसीवर मात्र बोजा तसाच होता आणि पत्रावर छापलेली मुदत उलटून गेली होती. पत्र मी नीट वाचलंच नव्हतं. दुसरं पत्र मिळेपर्यंत पावसाळा सुरू होऊन संपला आणि गाडी त्या काळात दुसऱ्याच्याच नावावर पळत होती. तेव्हापासून मी सांगतो, कर्ज फिटल्याचं पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ दोन्ही हातात घ्या, तारीख बघा, आणि बोजा उतरवण्याचा अर्ज नाव लावण्याच्या अर्जाबरोबरच टाका.

हे तपासायला एजंट लागत नाही. मोबाइलवर एमपरिवहन अॅपमध्ये गाडीचा नंबर टाकला की पासिंगची तारीख, इंधन, विम्याची आणि पीयूसीची मुदत, बोजा, गाडी काळ्या यादीत आहे का, हे सगळं दिसतं. ई-चलनाच्या संकेतस्थळावर थकलेला दंड कळतो. आणि आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी एकेक अक्षर जुळवा. १७ अक्षरं असतात, दोन मिनिटांचं काम आहे.

गाडी डीलरकडून घेत असाल तर आणखी एक प्रश्न विचारा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याला आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं. ते दाखवा म्हणा. त्याचा चेहरा बघा.

"इन्शुरन्स चालू आहे, वर्षभर काळजी नाही."

विम्याचे दोन भाग असतात. तुमच्या गाडीमुळं दुसऱ्याचं नुकसान झालं तर द्यायचा थर्ड पार्टी भाग गाडीबरोबर नव्या मालकाकडं येतो. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आपोआप येत नाही. त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडं अर्ज करून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. आणि 'नो क्लेम बोनस' हा माणसाचा असतो, गाडीचा नसतो. तो जुन्या मालकाबरोबर जातो, त्यामुळं त्या सवलतीचा फरक तुम्हाला भरावा लागतो. हा खर्च सौदा ठरवतानाच धरा.

"रिडिंग कमी म्हणजे गाडी चांगली."

मीटर मागं फिरवता येतं. ब्रेकच्या पेडलावरचं रबर, स्टिअरिंगवर हात बसतो तिथली झीज, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड, या गोष्टी मागं फिरवणं अवघड. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. काळं पॉलिश लावून नवे दाखवलेले टायर तिथंच उघडे पडतात. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी जात असेल तर मालकाला सोबत घेऊन नंबरावरून जुनी नोंद मागा. तिथं दर वेळचे किलोमीटर लिहिलेले असतात.

आणि गाडी बघायला जाताना "चालू करू नका, थंडच ठेवा" असं आधी सांगा. गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर तुमच्या आधी कुणीतरी इंजिन तापवून ठेवलंय, सकाळच्या पहिल्या स्टार्टचा त्रास झाकायला. सुरू झाल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल खातंय.

पाण्यात गेलेली गाडीही अशीच ओळखायची. सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत परभणी, हिंगोली, नांदेडमध्ये जो पाऊस झाला तो आपण सगळ्यांनी पाहिलाय. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. वरचा हातभर धुतलेला असतो, आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. स्टेपनीच्या खड्ड्यातलं कार्पेट उचलून वास घ्या.

"गाडी घ्यायची तर डिझेलच."

परभणीचं पेट्रोल महाग. मनमाडसारख्या लांबच्या डेपोतून टँकर येतो, म्हणून २०१८ पासून इथल्या पेट्रोलच्या दराच्या बातम्या होत आल्यात. त्यामुळं डिझेलचा ओढा समजतो. पण हिशेब मांडू. पेट्रोल १०५ रुपये आणि गाडी १६ ची सरासरी देते, डिझेल ९२ आणि गाडी २० ची सरासरी देते असं धरलं, तर किलोमीटरमागं साधारण दोन रुपये वाचतात. महिन्याला ३०० किलोमीटर, म्हणजे आठवड्यातून एक-दोनदा नांदेड आणि एखादं लग्न, एवढंच फिरणं असेल तर वर्षाची बचत ७ हजारांच्या आसपास. डिझेल गाडीला ५० हजार जास्त मोजले तर ते फिटायला सात वर्षं. मध्ये इंजेक्टर किंवा टर्बोचं काम निघालं तर बचत तिथंच संपली. रोज शंभर किलोमीटर धावणाऱ्यासाठी डिझेल ठीक. घरच्या पहिल्या गाडीला साधी, पेट्रोलची, जिचे पार्ट नांदेडात कुठल्याही दुकानात मिळतात अशी गाडी बरी, असं माझं मत आहे.

याला जोडूनच एक भीती ऐकू येते, दहा वर्षांनी डिझेल गाडी भंगारात जाते. तो दहा वर्षं डिझेल आणि पंधरा वर्षं पेट्रोल असा निर्बंध दिल्ली आणि भोवतालच्या भागातला. आपल्याकडं खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर तपासणी होऊन पाच वर्षांनी वाढते. मात्र १ एप्रिल २०२२ पासून त्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० झाली आणि पर्यावरण कर वेगळा. चौदा वर्षांची गाडी स्वस्त दिसते तेव्हा हा खर्च दाराशी उभा असतो. दिल्लीची गाडी अर्ध्या किमतीत मिळते म्हणून धावू नका. तिथली ना-हरकत, इथला कर आणि नवा नंबर हे सगळं तुमच्या माथी.

"जुन्या गाडीवर आता १८ टक्के जीएसटी."

डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या बैठकीत हा निर्णय झाला तेव्हा गावागावांत घबराट झाली. हा कर नोंदणीकृत व्यावसायिकावर आहे, आणि तोही त्याच्या नफ्यावर, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला गाडी विकली तर जीएसटी नाही. खरा परिणाम दुसराच आहे: २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, नव्यांच्या किमती उतरल्या. विकणारा जुन्या हिशेबानं भाव सांगत असेल तर आजचा नवा भाव त्याच्यापुढं ठेवा.

सौदा करताना वर्षाकडं आणखी एका कारणानं बघा. एप्रिल २०१९ पासून एबीएस, जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग आणि २०२२ पासून शेजारच्या सीटची एअरबॅग नव्या गाडीत सक्तीची झाली. उसाच्या हंगामात रात्री बिनदिव्यांच्या ट्रॉल्या ज्या रस्त्यावर चालतात, त्या रस्त्यानं लेकरंबाळं घेऊन जायचं असेल तर अलॉय व्हील आणि मोठ्या स्क्रीनपेक्षा मी या दोन-तीन वर्षांसाठी जास्त पैसे देईन.

चुलतभावानं पुढं तीन महिन्यांनी गाडी घेतली. २६ पासिंगची, २०२२ ची, एकाच मालकाची. आम्ही इसार दहा हजार दिला, बाकीची रक्कम बँकेतून पाठवली आणि २० हजार मागं ठेवले, नाव लागल्यावर द्यायचे म्हणून. तसं बाँडवर दोघांनी लिहिलं. विकणारा आधी नाराज झाला. मग त्याला २००७ मध्ये विकलेल्या त्या गाडीची गोष्ट सांगितली, आणि अर्जासाठी तो स्वतः परभणीला आला. नंतर रोज सकाळी भाऊ मोबाइलवर नंबर टाकून बघायचा. एके दिवशी अॅपमध्ये मालकाच्या जागी, अर्ध्या अक्षरांवर फुल्या असलेलं, त्याचं नाव आलं. त्यानं ते बायकोला दाखवलं आणि २० हजार पाठवून दिले.