कॅमेऱ्याचा आरसा व चालकाचे डोळे

मोटार चालविणारास पुढें पाहावें लागतें, तसेंच मागें व बाजूसही पाहावें लागतें. या कामीं आजवर आरसा हाच त्याचा सोबती होता. १९११ सालीं अमेरिकेंत इंडियानापोलिस येथील पांचशें मैलांच्या शर्यतींत रे हॅरून यानें, मागें पाहण्यासाठीं बरोबर माणूस न घेतां, गाडीवर आरसा बसविला व शर्यत जिंकली. परंतु विटांच्या मार्गावर तो आरसा इतका थरथरे कीं त्यांत फारसें दिसत नसे, असें म्हणतात. साधन जवळ असणें निराळें व डोळ्यांस त्याचें साह्य होणें निराळें!

आतां आरशाची जागा कॅमेरा घेऊं लागला आहे. २०१६ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमांनीं आरशाऐवजीं कॅमेरा व पडदा वापरण्यास मोकळीक दिली. २०१८ सालीं जपानांत लेक्सस कंपनीची अशी मोटार विक्रीस आली. त्याच वर्षीं जर्मनीच्या मर्सिडीझ-बेन्झ कंपनीनें 'अ‍ॅक्ट्रॉस' या मालमोटारीचे बाजूचे मोठे आरसे काढून तेथें कॅमेरे योजिले. कॅमेरा जें टिपतो, तें चालकापुढील पडद्यावर उमटतें.

याचे लाभ उघड आहेत. मालमोटारीचा मोठा आरसा हा स्वतःच एक आडोसा असतो; चौकांत पायीं जाणारा मनुष्य त्याआड लपतो. आरसा गेला म्हणजे ती दिशा मोकळी होते. मागील गाडीच्या दिव्यांची तिरीप पडद्यावर सौम्य करतां येते. पावसांत बाजूच्या भिजलेल्या कांचेंतून पाहावें लागत नाहीं. लांब गाडी वळतांना चित्रही वळणाबरोबर सरकवितां येतें. इतक्या गोष्टींनीं चालकाचा भार खचित हलका होतो.

मात्र दुसरी बाजूही आहे. ती समजण्यासाठीं विद्यार्थ्यांनीं एक सोपा प्रयोग करावा. सपाट आरशापुढें हातभर अंतरावर उभे राहून त्यांत दूरच्या झाडाचें प्रतिबिंब पाहावें. झाड स्पष्ट दिसत असतां कांचेवरील डाग अंधुक होतो. याचें कारण असें कीं, प्रतिबिंब कांचेवर नसतें. झाड आरशापुढें जितकें दूर, तितकेंच तें आरशामागें दूर भासतें. म्हणून रस्त्यावर लागलेली नजर अशा आरशाकडे वळली, तरी डोळ्यांतील भिंगास फारसे श्रम पडत नाहींत. पडद्यावरील चित्र मात्र पडद्यावरच असतें. तिकडे पाहतांना भिंगास फुगावें लागतें, दोन्ही डोळ्यांस आंत वळावें लागतें, आणि रस्त्याकडे पाहतांना सर्व पुन्हा पूर्ववत् करावें लागतें. तरुणास हें जाणवत नाहीं; परंतु चाळिशीनंतर भिंग ताठर होतें व जवळचें स्पष्ट दिसण्यास विलंब लागतो. ताशीं ६० किलोमीटर वेगाची गाडी अर्ध्या सेकंदांत आठ मीटरांहून अधिक पुढें जाते, हें ध्यानांत घेतल्यास या विलंबाचें मोल कळेल. न्यायासाठीं हेंही सांगितलें पाहिजे कीं, बहिर्वक्र आरशांतील प्रतिबिंबही जवळच पडतें. तेव्हां हा दोष एकट्या पडद्याचा नव्हे.

शिवाय आरशापुढें मान किंचित् हलविली कीं दृश्य बदलतें व अंतराचा अंदाज येतो. पडद्यावरील चित्र सपाट असल्यामुळें तसें होत नाहीं. म्हणून नव्या चालकास प्रथम संवय करावी लागते. रात्रीं पडद्याचा प्रकाश मंद न ठेविल्यास तोच डोळे दिपवितो.

एवढें करूनही डोळ्यांचा शीण व निद्रेची ओढ हीं भिन्न आहेत. पहांटेच्या प्रहरीं पापण्या मिटूं लागल्या, तर उत्तम चित्रही कोणास दिसणार? म्हणूनच युरोपीय संघाच्या २००६ सालच्या नियमानें मालमोटारीच्या चालकास साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांति आवश्यक ठरविली. मग गाडीस आरसे असोत वा कॅमेरे. आपल्या देशांतही १९६१ सालच्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानें पांच तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाचा विसांवा घालून दिला होता.

तात्पर्य, कॅमेरा दृष्टीस साह्य करतो. झोंपेची भरपाई करीत नाहीं. रात्रीं गाडी चालवून घरीं येणाऱ्या पालकांनीं वाटेंत घटकाभर थांबावें, आणि घरीं वाट पाहणाऱ्या मुलांनीं त्या विलंबाबद्दल कुरकूर करूं नये, अशी आमची उभयतांस विनंति आहे.