दोन झुमटे आणि व्याकरण

बालमित्रांनो, आज आधी एक खेळ खेळू या. समजा, झुमटा नावाचा एक प्राणी आहे. तो तुमच्या अंगणात येऊन बसला. थोड्या वेळाने त्याचा भाऊ आला. आता अंगणात दोन काय झाले? ‘झुमटे’ म्हणालात ना! आणि लपकी नावाचं पाखरू असेल, तर एक लपकी, दोन... ‘लपक्या’. शाब्बास! पण हे दोन्ही शब्द मी लिहिता लिहिता आत्ताच बनवले. कोणत्याच पुस्तकात ते नाहीत. मग त्यांचं अनेकवचन तुम्हाला शिकवलं कोणी?

१९५८ साली अमेरिकेतल्या जीन बर्को या संशोधक बाईंनी असाच खेळ चार ते सात वर्षांच्या मुलांशी खेळला. एका पाखरासारख्या चित्राला त्यांनी ‘वग’ असं नाव दिलं, आणि दोन असतील तर काय म्हणाल, असं विचारलं. बहुतेक मुलांनी इंग्रजीच्या नियमाप्रमाणे ‘वग्ज’ असं बरोबर सांगितलं. नियम काय, असं विचारलं असतं तर मात्र गप्पच बसली असती.

हे आज सांगायचं कारण आहे. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि आमच्या नरखेड तालुक्यात घरोघरी आई, बाबा, आजोबा मास्तर झाले. त्यांनी मनापासून शिकवलं, त्याचं कौतुकच आहे. पण पहिलीतलं पोरगं ओट्यावर बसून ‘नावाला नाम म्हणतात’ असं घोकताना दिसे. ‘बाळा, नाम म्हणजे काय रे?’ तर उत्तर यायचं, ‘रामनाम!’ आता शाळा सुरू आहेत, तरी घरचा अभ्यास काही घरांत तसाच चालतो. आणि पालक विचारतात, ‘व्याकरण कधीपासून घ्यावं?’

पालकहो, व्याकरण तुमच्या लेकराने केव्हाच सुरू केलेलं असतं. तीन वर्षांचं मूल ‘मी करलं’ म्हणतं आणि आपण हसतो. पण बघा, बस–बसलं, उठ–उठलं, पड–पडलं, मग कर–करलं! आपण तर ‘केलं’ म्हणतो. म्हणजे ही नक्कल नव्हे, पोराने नियम शोधून काढला आणि लावून पाहिला. ‘केलं’ ऐकत राहिलं की ते आपोआप सुधारतं.

दुसरी गोष्ट आपल्या वऱ्हाडी बोलीची. मूल म्हणतं, ‘मले भूक लागली.’ लगेच दटावणी होते, ‘मले नाही, मला म्हण!’ असं चार वेळा झालं की मूल बोलायचंच थांबतं. मग व्याकरण शिकवणार कोणाला? मले, तुले, त्याले, आईले: सगळीकडे ‘ले’ कसा शिस्तीत बसलाय! पुस्तकात त्याच जागी ‘ला’ असतो. घरात ‘ले’, वहीत ‘ला’, एवढं सांगितलं तर पोरं हसत हसत दोन्ही शिकतात.

कोणी म्हणेल, पंडिता रमाबाई तर लहानपणीच व्याकरण शिकल्या. खरंय. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाई कधी शाळेत गेल्या नाहीत. आई लक्ष्मीबाईंनीच त्यांना संस्कृत शिकवलं, तेही तोंडी. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पण ते शिक्षण सुरू झालं तेव्हा त्या आठेक वर्षांच्या होत्या. आणि संस्कृत ही काही त्यांच्या घरातली बोलण्याची भाषा नव्हती. परक्या भाषेला नियमांचा आधार लवकर लागतो. मायबोलीचं तसं नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली छापलं गेलं. तुकोबांचे अभंग त्याच्या दोनशे वर्षं आधीचे!

मग नाम, सर्वनाम, क्रियापद ही नावं कधी सांगायची? माझ्या मते तिसरीच्या सुमारास, म्हणजे आठव्या वर्षी. त्यातही वयापेक्षा मूल बघा. ते एखादी गोष्ट स्वतः वाचतं का? मनाने आठ-दहा वाक्यं लिहितं का? लिहीत असेल तर हरकत नाही. आणि सुरुवात नामापासून नको, क्रियापदापासून करा. ‘बैल कडबा...’ एवढंच म्हणून थांबा. मूल ‘खातो’ म्हणेल, आपल्या बोलीत ‘खाते’ म्हणेल. तो शब्द क्रियापद. नामाची व्याख्या मात्र निसरडी आहे. ‘वस्तूचं नाव’ म्हटलं तर ‘राग’ कुठली वस्तू? (पुष्कळ घरी ऱ्हस्व-दीर्घालाच व्याकरण समजतात. ते शुद्धलेखन. त्यासाठी भरपूर वाचन हवं.)

आता मित्रांनो, तुमच्यासाठी काम. आपल्या बागांमधलं फळ घ्या. घरी आपण ‘एक संत्रा, दोन संत्रे’ म्हणतो. पुस्तकात ‘एक संत्रं, दोन संत्री’ असतं. घोडा, अंडं, फुगा, केळं, आंबा, लिंबू हे शब्द घ्या. यातले कोणते घरच्या संत्र्यासारखे चालतात आणि कोणते पुस्तकातल्या? दोन रकाने पाडा. एक शब्द कोणत्याच रकान्यात बसणार नाही. तो कोणता, ते आईबाबांना विचारण्याआधी स्वतः शोधा.