एकच गुडघा सुजला, गरम झाला? चोळू नका

कारखान्याचा पट्टा पडला की ऊसतोडीला गेलेली माणसं वस्तीवर परततात, ती दुखणी घेऊनच. कंबर, गुडघे तर सगळ्यांचेच दुखतात. आम्ही मात्र वेगळ्या गुडघ्याबद्दल लिहितोय. एकच गुडघा, एक-दोन दिवसांत टम्म सुजलेला, हाताला गरम लागणारा, पाय टेकवू न देणारा. याला वात म्हणून तेल चोळत बसू नका. सांध्यात पू होत असू शकतो.

हा आजार क्वचित होतो. पण प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांना तो गाठतो: शुगरवाले, एचआयव्हीबाधित, डायलिसिसवर असलेले, स्टेरॉइड घेणारे. गुडघेदुखीवर बिनचिठ्ठीची पुडी मिळते ना, तिच्यातही स्टेरॉइड असू शकतं. अशा माणसाला ताप येईलच असं नाही. ‘ताप नाही, मग कशाला दवाखाना?’ इथेच दिवस वाया जातात.

बहुतेक वेळा जंतू असतो स्टॅफिलोकोकस ऑरियस. आपल्या कातडीवरच राहणारा. भेगेतून, कोयत्याच्या जखमेतून रक्तात शिरतो आणि सांध्यात जाऊन बसतो. पुवामुळे सांध्यातली कूर्चा काही दिवसांतच खराब होते, ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

दुसरा दुर्मिळ जंतू चिखल-मातीतला, मेलिऑयडोसिसचा. भारतातली पहिली नोंद १९९१ ची, मुंबईतल्या एका मुलाची. पावसाळ्यात, त्यातही शुगरवाल्यांना याचा धोका जास्त. टीबीसारखा भासतो, नेहमीच्या बऱ्याच प्रतिजैविकांना दाद देत नाही. आधी शिरेतून औषध, मग निदान तीन महिने गोळ्या.

म्हणून त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. सुईने सांध्यातलं पाणी काढून तपासायला हवं, आणि तेही शक्यतो प्रतिजैविक सुरू होण्याआधी. आधीच गोळ्या पोटात गेल्या तर जंतू सापडणं अवघड होतं. तालुक्याला सोय नसेल तर धाराशिवच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा. बाहेर कुणाकडून सांध्यात इंजेक्शन मारून घेऊ नका.

एचआयव्ही असेल तर डॉक्टरांना सांगा. लोक काय म्हणतील या भीतीने लपवणारे आम्ही पुष्कळ पाहिलेत. त्या भीतीची किंमत पाय मोजतो. शुगरची फाईल आणि पुडीचं रिकामं पाकीट पिशवीत टाका. स्टेरॉइडची गोळी रोजची असेल, तर ती मनाने अचानक बंद करू नका.