मॉडेल रेल्वेतली नदी निळी का नसावी?

पुण्याच्या जोशी रेल्वे संग्रहालयातल्या छोट्या गाड्या पाहून घरी तसा लेआउट करायचं अनेकांच्या मनात येतं. रूळ बसतात, डोंगर उभे राहतात, बोगदेही साधतात. गाडं अडतं ते पाण्यापाशी. त्याला कारण बहुतेक वेळा पाण्याविषयीच्या पक्क्या समजुती असतात.

गैरसमज : खरं पाणी ओतलं की खरं दिसेल.

एचओ प्रमाणात, म्हणजे १:८७ मध्ये, सगळं ८७ पटींनी लहान होतं. पाण्याचा पृष्ठताण मात्र आहे तेवढाच राहतो. खडकावर थांबलेला ४ मिलिमीटरचा थेंब त्या छोट्या जगात ३५ सेंटिमीटरचा, मोठ्या कलिंगडाएवढा होतो. काठाशी पाण्याची फुगीर कड दिसते, ती कुठल्याच नदीला नसते. शिवाय पीओपी भिजून मऊ पडतं, धूळ तरंगते, शेवाळ धरतं, आणि विजेच्या रुळांशेजारी कायमची ओल असणं चांगलं नाही.

गैरसमज : पाणी निळं असतं, म्हणून तळ निळा रंगवावा.

सगळ्यात जास्त लेआउट इथेच बिघडतात. तळ्याचा निळेपणा मुख्यतः आकाशाच्या प्रतिबिंबाचा असतो. नदीचा रंग ठरतो तो गाळ, शेवाळ आणि तळातल्या मातीवर. कर्जतच्या गाडीतून जुलैत दिसणारी उल्हास नदी गढूळ, मातकट असते. पाऊस सरल्यावर तीच निवळते आणि काठचे दगड पाण्याखाली दिसू लागतात. आपण कुठल्या महिन्यातली नदी करतोय, हे रंगाची बाटली उघडण्याआधी ठरवावं. हिवाळ्यातली असेल तर मधल्या पात्राला काळपट हिरवा-तपकिरी रंग द्यावा आणि काठाकडे येताना तो मातीच्या रंगात मिसळत न्यावा. रंग ओले असतानाच मिसळायचे, म्हणजे मध्ये रेघ राहत नाही. पुराची असेल तर तळ दिसायचाच नाही, म्हणून सगळं पात्र जवळपास एकाच मातकट रंगाचं.

खोली दिसायला खोल खड्डा लागतो, ही समजूतही इथेच गळून पडते. सपाट प्लायवर असा रंग देऊन वर ग्लॉस ॲक्रिलिक मीडियमचे तीन-चार पातळ थर दिले, तरी नदी खोल वाटते. पांढरं दिसणारं ते मीडियम वाळल्यावर पारदर्शक होतं. पुढचा थर त्याआधी देऊ नये. माझ्या मते पहिली नदी अशीच करावी; पाण्यासारखं दिसणारं पारदर्शक रेझिन ओतणं नंतर.

गैरसमज : रेझिन एकदम ओतलं की काम झालं.

इपॉक्सी रेझिन घट्ट होताना उष्णता सोडतं. जाड थरातली उष्णता बाहेर पडत नाही, मग तडे जातात, पिवळेपणा येतो. प्रत्येक रेझिनची मर्यादा डब्यावर लिहिलेली असते; लेआउटसाठी एका वेळी सुमारे ३ मिलिमीटर पुरे. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवणं तर उलटंच फळ देतं. इपॉक्सीत रेझिन आणि हार्डनर ठरलेल्या प्रमाणातच एकमेकांशी जोडले जातात; उरलेला हार्डनर तसाच राहतो आणि नदी चिकट राहते. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त पडतं, पण त्यातलं स्टायरीन थर्माकोल विरघळवतं, त्यामुळे थर्माकोलच्या डोंगराजवळ ते नकोच. ओतण्याआधी पात्राची प्रत्येक फट बुजवावी, कारण रेझिन टाचणीएवढ्या भोकातूनही खाली उतरतं. आणि कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी शक्यतो भर पावसाळ्यात हे काम काढू नये. दमट हवेत काही इपॉक्सींवर चिकट, पांढुरका थर येतो.

गैरसमज : लाटा जितक्या उंच, तितकं पाणी जिवंत.

१ मिलिमीटरची लाट म्हणजे प्रत्यक्षातली जवळपास ९ सेंटिमीटरची. संथ नदीला तेवढी पुरे. ५ मिलिमीटरची लाट खाडीत वारा सुटल्यासारखी वाटेल. रेझिन आपोआप समपातळीत येतं, त्यामुळे त्यात लाट टिकत नाही. ते सुकल्यावर वरून घट्ट ॲक्रिलिक जेल ब्रशने टिपत लावावं.

गैरसमज : धबधबा म्हणजे पांढरा रंग.

गोव्याच्या सीमेवरचा दूधसागर पांढरा दिसतो तो पाण्यात मिसळलेल्या हवेमुळे. म्हणून पांढरा रंग शेवटी आणि अगदी थोडा. प्लॅस्टिकच्या गुळगुळीत कागदावर जेलच्या उभ्या पट्ट्या पसराव्यात, टूथपिकने वरून खाली ओढून धारा काढाव्यात, पूर्ण वाळल्यावर सोलून त्याच जेलने खडकाला चिकटवाव्यात. मग जवळपास कोरड्या ब्रशने फक्त उंचवट्यांवर पांढरा फिरवावा. पाणी कपारीवर आपटतं तिथे जास्त, सरळ पडतं तिथे कमी. आजूबाजूचा खडक गडद आणि चकचकीत हवा. ओला दगड कोरड्यापेक्षा काळा दिसतो.

दूधसागरची उंची सुमारे ३१० मीटर. १:८७ मध्ये ती साडेतीन मीटरच्या वर जाते, म्हणजे घराच्या छताबाहेर. उंची आखडावीच लागते. पण समोरचा रेल्वेपूल आणि त्यावरचे डबे प्रमाणातच ठेवावेत, कारण पाहणारा धबधब्याची उंची त्यांच्यावरूनच मोजतो. पुलाच्या वरचा भाग थोडा जास्त आणि खालचा कमी ठेवला, तर मीटर-दीड मीटरमध्येही तो उंच वाटतो.