मद्यपाश आणि वनौषधी : लेखांक सहावा – पेयोटीची रात्र

मागील लेखांकात कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातील हंफ्री ऑसमंड आणि एब्रम हॉफर या डॉक्टरांच्या एल.एस.डी.च्या प्रयोगांचा परामर्श घेताना एक प्रकरण मी मुद्दाम राखून ठेवले होते. अट्टल मद्यप्याला दारूच्या सन्निपाताची भीषण अवस्था कृत्रिम रीतीने भोगावयास लावली, तर त्या धास्तीनेच तो दारू सोडील, असा या डॉक्टरांचा मूळचा कयास होता. परंतु ज्यांची दारू खरोखर सुटली ते रुग्ण भयाविषयी बोलतच नव्हते, आपले सारे आयुष्य एकवार स्वच्छ दिसल्याविषयी बोलत होते. हा अनुभव गाठीशी बांधून ही मंडळी १९५६ च्या ऑक्टोबरात बॅटलफर्डच्या परिसरात मूलनिवासींच्या तंबूत रात्रभर जाऊन बसली, आणि ऑसमंड यांनी त्यांच्यासमवेत पेयोटीचे सेवन केले.

पेयोटी हा दक्षिण टेक्सासात आणि उत्तर मेक्सिकोत उगवणारा, बिनकाट्याचा, जमिनीलगत बसलेला निळसर-हिरवा निवडुंग. त्यातील मेस्कॅलिन हे भ्रमकारी द्रव्य जर्मन संशोधक आर्थर हेफ्टर यांनी वेगळे काढले, आणि १८९७ साली ते स्वतः घेऊन त्याचा प्रभाव सिद्ध केला. १९१९ साली ते प्रयोगशाळेत तयारही झाले. परंतु ज्यांची दारू पेयोटीने सुटली असे सांगितले जाते, त्यांची हकीकत केवळ या द्रव्यावरून उलगडत नाही.

१८७५ साली अमेरिकेतील कोमांची या मूलनिवासी जमातीचा शेवटचा मोठा जथा क्वाना पार्कर या पुढाऱ्यासह अमेरिकी सैन्याला शरण आला. ज्यांच्या जमिनी गेल्या, शिकार गेली, मुले सरकारी वसतिशाळांत नेली गेली, त्या लोकांत दारूने जे थैमान घातले ते त्यांच्या रक्ताचे वैगुण्य नव्हते. ते एका सर्वस्वहरणाचे फलित होते, आणि हे ध्यानात न घेता केलेला कोणताही उपचार अर्धाच राहतो, असे माझे ठाम मत आहे. या लोकांना ठेवलेल्या राखीव वसाहतींतूनच पेयोटीचा नवा धर्ममार्ग पसरला, क्वाना पार्कर त्याचे मोठे पुरस्कर्ते झाले, आणि १९१८ साली ओक्लाहोमात ‘नेटिव्ह अमेरिकन चर्च’ची रीतसर नोंदणी झाली.

या मार्गाची सभा बहुधा शनिवारच्या सूर्यास्तानंतर भरते. तिपी नावाच्या शंक्वाकृती तंबूत मंडळी वर्तुळाकार बसतात. मध्ये अग्नी, चंद्रकोरीच्या आकाराचा मातीचा ओटा आणि त्यावर ठेवलेली एक पेयोटी. कडू गड्डे चावून खाल्ल्यावर मळमळ होते, ओकारी येते, आणि ती शरीरशुद्धीच मानली जाते. पाणी भरलेला ढोल आणि तुंब्याचा खुळखुळा हातोहात फिरत राहतात, ज्याची पाळी येईल तो गातो, आणि ‘रोडमन’ म्हणजे मार्ग दाखविणारा ज्येष्ठ पुरुष रात्रभर सर्वांवर लक्ष ठेवतो. सभा पुष्कळदा एखाद्या विवक्षित माणसासाठी बोलावलेली असते. ज्याच्या दारूने घर उद्ध्वस्त होत आले आहे तो आपल्या आप्तांदेखत मोठ्याने प्रार्थना करतो आणि ज्यांना त्याने दुखावले ते तेथेच बसलेले असतात. पहाटे एक स्त्री पाणी आणते, मागाहून मका, मांस आणि फळे यांची न्याहारी होते. दारूला स्पर्श करावयाचा नाही, कुटुंबाशी निष्ठा ठेवावयाची, स्वकष्टाने जगावयाचे, हे या मार्गाचे नियम. रात्र संपली तरी हे साक्षीदार शेजारपाजारीच राहतात, आणि औषधाचा अर्धा गुण मला याच गोष्टीत दिसतो.

सरकारदरबारी मात्र यास दीर्घकाळ थारा नव्हता. ओरेगॉन राज्यात आल्फ्रेड स्मिथ हे क्लामाथ जमातीचे गृहस्थ स्वतः दारूच्या तडाख्यातून सुटून इतरांना सोडविण्याचे काम एका व्यसनमुक्ती संस्थेत करीत होते. चर्चच्या सभेत पेयोटी घेतल्याबद्दल त्यांना सहकारी गॅलन ब्लॅक यांच्यासह बडतर्फ करण्यात आले आणि बेकारी भत्ताही नाकारला गेला. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या विरुद्ध दिला. १९९४ च्या कायद्याने मूलनिवासींच्या धार्मिक उपयोगास देशभर मुभा मिळाली. ज्याने दारू सुटण्यास आधार मिळतो तेच घेतल्यामुळे रोजी जावी, हा अन्याय मला आजही सलतो.

प्रयोगशाळेतील पुरावाही आता बोलू लागला आहे, जरी तो निराळ्या द्रव्याचा आहे. न्यूयॉर्क विद्यापीठाचे मायकेल बोगेनशुट्झ यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ९३ मद्यासक्तांना बारा आठवड्यांचा मानसोपचार मिळाला. त्याच्या जोडीला काहींना विशिष्ट भूछत्रांत आढळणारे सायलोसायबिन, तर काहींना ॲलर्जीवरचे एक औषध देण्यात आले. पुढील ३२ आठवड्यांत अतिमद्यपानाचे दिवस पहिल्या गटात शेकडा ९.७, तर दुसऱ्यात २३.६ भरले. आपल्याला काय मिळाले हे बहुतेकांनी ओळखले होते, हा चाचणीचा कच्चा दुवा. शिवाय तीव्र मनोविकाराची प्रवृत्ती असणारास ही द्रव्ये घातक ठरू शकतात. घरच्या घरी करून पाहावयाचा हा प्रकार नव्हे.

खुद्द पेयोटीवर आज निराळेच संकट आहे. बियांपासून वाढून ती तोडण्याजोगी होण्यास निसर्गात दहा-दहा वर्षे लागतात, आणि टेक्सासातील तिची रानेही आकुंचित होत आहेत. म्हणूनच अमेरिकेतील काही शहरांत अशा भ्रमकारी वनौषधींवरील निर्बंध सैल करण्याच्या चळवळी उभ्या राहिल्या, तेव्हा त्या यादीतून पेयोटी वगळावी, असा आग्रह नेटिव्ह अमेरिकन चर्चच्या मंडळींनी धरला. आणि त्यांच्याच पुढाकाराने दक्षिण टेक्सासात ६०५ एकर जमीन घेऊन तेथे या निवडुंगाच्या संवर्धनाचे काम चालू आहे.