दाढ उपटण्याआधी थांबा : 'नस मारण्या'विषयीचे गैरसमज

"दाढ दुखते त काढून टाका, नस मारायची झंझट कायले पाह्यजे?" अमरावती असो की अकोला, आपल्या वस्त्यांमध्ये आम्हाला हे वाक्य हमखास ऐकू येते. मग वाचू शकणारी दाढ उपटली जाते. चाळिशीतच एका बाजूने चावता येत नाही, भाकरी कुस्करून खावी लागते. म्हणून या वेळी रूट कॅनालविषयी बोलू या.

आधी ही भानगड काय ते पाहू. दाताच्या आत मऊ गर असतो. त्यात रक्तवाहिन्या आणि नसा असतात. किडीचा खड्डा खोल जाऊन गरापर्यंत जंतू पोहोचले की ठणका लागतो, पुढे पू होतो. रूट कॅनालमध्ये डॉक्टर हा सडलेला गर काढतात, मुळातल्या नळ्या औषधाने धुऊन स्वच्छ करतात आणि त्या भरून बंद करतात. दात जागेवरच राहतो.

आता गैरसमज एकेक करून पाहू.

'दातात अळी असते.' नसते. दातातून अळी काढून दाखवतो तो हातचलाखी करतो. फ्रान्सचे दंतवैद्य पिएर फोशार यांनी 1728 सालच्या ग्रंथातच अळीची समजूत नाकारली होती. आपण जिला कीड म्हणतो, ती डोळ्यांना न दिसणारे जंतू आणि गोड खाण्यातून तयार होणारे आम्ल यांची करणी आहे.

'फार दुखते आणि नजर जाते.' आधी इंजेक्शन देऊन तो भाग बधिर करतात. पू जास्त असेल तर बधिरता कमी येऊ शकते. दुखले की हात वर करून सांगावे, डॉक्टर औषध वाढवतात. नंतर दोन-चार दिवस चावताना दुखू शकते. दाताची नस डोळ्याला नजर देत नाही, त्यामुळे नजर जाण्याचा प्रश्नच नाही.

'मेलेला दात अंगात विष सोडतो, कॅन्सर होतो.' ही भीती शंभर वर्षांपूर्वीची आहे. 1920 च्या दशकात अमेरिकेतील वेस्टन प्राइस यांनी असे दात सशांच्या कातडीखाली ठेवून प्रयोग केले आणि रूट कॅनालला दोष दिला. पुढे काटेकोर तपासणीत ते निष्कर्ष टिकले नाहीत. रूट कॅनालने कॅन्सर होतो याला पुरावा नाही. खर्रा आणि तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो याला मात्र भक्कम पुरावा आहे. दुखऱ्या दाढेवर तंबाखू दाबून ठेवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

'ठणका थांबला, आता कशाला जायचे?' सगळ्यात जास्त नुकसान इथेच होते. पहिल्या खेपेला आराम पडतो आणि माणूस परत जात नाही. तात्पुरता मसाला निघतो, जंतू पुन्हा शिरतात. उपचार पूर्ण झाल्यावर दाढेवर टोपी म्हणजे कॅप बहुतेक वेळा लागतेच, कारण पोखरलेली दाढ चावताना फुटू शकते.

'काढणे स्वस्त पडते.' त्या दिवशी पडते. पण रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलतात, समोरचा दात सरकतो. पुढे नकली दात बसवायचा तर खर्च वाढतो.

प्रत्येक दाढ वाचतेच असे नाही. मूळ उभे चिरले असेल किंवा हाड फार झिजले असेल तर दाढ काढणेच योग्य. काही वेळा रूट कॅनाल पुन्हाही करावे लागते. एक्स-रे पाहून निर्णय होतो. म्हणून डॉक्टरांना विचारावे : दाढ वाचेल का? किती खेपा लागतील? कॅप धरून एकूण खर्च किती? अवजारे निर्जंतुक केली आहेत का? डॉक्टरांची नोंदणी आहे का, तेही पाहावे. शुगर, बीपी, रक्त पातळ करणारी गोळी किंवा गरोदरपण असेल तर आधीच सांगावे. गरोदरपणातही दाताचा उपचार होतो. मधले तीन महिने त्यासाठी सोयीचे असतात.

खर्चाची अडचण असेल तर अमरावतीत विदर्भ युथ वेल्फेअर सोसायटीचे दंत महाविद्यालय आहे आणि नागपुरात शासकीय दंत महाविद्यालय. अशा ठिकाणी शिकणारे डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, पण खर्च साधारणपणे खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो. अकोल्यात सर्वोपचार रुग्णालयात आधी तपासणी करून घ्यावी. तिथे कोणता उपचार होतो, हे चिठ्ठी काढतानाच विचारावे.

एक गोष्ट मात्र घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवावी. गाल किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड न उघडणे, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास, यांपैकी काही दिसले तर शेक देत बसू नका, मेडिकलमधून गोळी आणून थांबू नका. रात्र असली तरी रुग्णालय गाठा. दाताचा पू मानेत उतरला तर जीवावर बेतते.