वाघीण निघालीय कुठे?

मॉडेल रेल्वे बघायला आलेला माणूस गाडी बघतो. बोगद्यातून बाहेर आली, पुलावरून गेली, वळणावर दिसेनाशी झाली की झाले. पुण्यात कोथरूडच्या जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालयात प्रेक्षकांना हेच हवे असते आणि तेच मिळते. त्यात गैर काही नाही. पण अमेरिकेत या छंदाची एक जुनी, जोमदार शाखा आहे. तिथले लोक तिला नुसते ‘ऑपरेशन’ म्हणतात. खऱ्या रेल्वेत मालवाहतूक जशी चालते तशी ती छोट्या रुळांवर चालवायची, एवढेच तिचे काम. तिच्याबद्दलचे बहुतेक गैरसमज एकाच चुकीतून निघतात: आपण गाडीचा विचार करतो, आणि मालवाहतुकीचा सगळा हिशेब असतो वाघिणीचा, म्हणजे मालडब्याचा. गाडी रोज तीच असली तरी तिच्यातली प्रत्येक वाघीण वेगळ्या कामावर निघालेली असते. कोणाची तरी मागणी आहे म्हणून ती रिकामी जाते, भरते, दुसऱ्या गावी रिती होते. शिवाय ती बहुधा परक्या कंपनीच्या मालकीची असते, आणि आपल्या रुळांवर राहील तितक्या वेळाचे भाडे लागते, म्हणून तिला परत धाडायची घाईही असते.

हे ध्यानात घेतले की ‘कागदपत्रे आली की मजेवर विरजण पडते’ हा आक्षेप उलटा वाटू लागतो. 1961 च्या डिसेंबरमध्ये ‘मॉडेल रेलरोडर’ मासिकात डग स्मिथ यांनी मांडलेली पद्धत आजही सर्रास वापरली जाते. प्रत्येक वाघिणीचे एक कार्ड, त्याला खिसा, खिशात एक चिठ्ठी. चिठ्ठीवर वाघिणीने कुठे जायचे ते लिहिलेले. चिठ्ठी उलटीसुलटी केली की चार वेगवेगळे मुक्काम निघतात. पहिल्या खेपेला रिकामी बंद वाघीण फर्निचरच्या कारखान्यात, दुसऱ्या खेपेला भरलेली तीच वाघीण दूरच्या शहराकडे, असे चक्र. कार्ड हातात नसेल तर गाडी घेऊन आलेल्या माणसाला गावात करण्यासारखे काहीच उरत नाही. मजा त्या चिठ्ठीमुळेच सुरू होते. चार खेपांनंतर तेच चक्र पुन्हा येते, ही तक्रार मात्र रास्त आहे. त्यावर काहीजण संगणकाकडून वाघिणी कशाही वाटून घेतात, पण तो उपाय रोगापेक्षा वाईट. कोळशाच्या खाणीवर जनावरांचा डबा पाठवणारी यादी पुनरावृत्ती टाळते आणि कारणही गमावते. त्यापेक्षा काही चिठ्ठ्या अधूनमधून बदललेल्या बऱ्या, कारण खऱ्या कारखान्याची गिऱ्हाइकेही बरीचशी ठरलेलीच असतात.

जागेचा गैरसमज सर्वांत चिवट आहे. ऑपरेशन म्हणजे मोठे तळघर आणि डझनभर माणसे, असे समजून कितीतरी लोक हात घालण्याआधीच माघार घेतात. इंग्लंडमधल्या ॲलन राइट यांच्या ‘इंगलनुक सायडिंग्ज’ या मांडणीत एका रुळावर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंवर तीन-तीन. एका फळीवर सारे बसते. आठ वाघिणींतून पाचांची ठरलेल्या क्रमाने गाडी जोडायची तर 6720 वेगवेगळ्या गाड्या होतात. थोडक्या रुळांत किती काम दडलेले असते याचा हा पुरावा. वास्तवाचा प्रश्न मात्र याने सुटत नाही. त्यासाठी त्या फळीला बाहेरचे जग लागते. ॲलन मॅक्लेलंड यांनी ‘व्हर्जिनियन अँड ओहायो’ या आपल्या काल्पनिक रेल्वेच्या निमित्ताने हाच मुद्दा ठासून मांडला: समोर दिसतो तो एका मोठ्या जाळ्याचा तुकडा आहे, असे धरून चालायचे. पडद्याआड दोन-तीन रूळ ठेवले की तिथे शिकागोही असू शकते आणि समुद्रही. त्याहून स्वस्त युक्ती म्हणजे दुसऱ्या कंपनीशी वाघिणींची देवाणघेवाण होते तो इंटरचेंजचा रूळ. पाच वाघिणींपुरती ही सायडिंग कोणताही माल घेते आणि कोणताही देते. जागेची चणचण असलेल्याने शोभेचा दुसरा कारखाना उभारण्याआधी ती घालावी, असे मला वाटते.

शंटिंग जितके अवघड तितके ते खरे, ही समजूत अनुभवी मंडळींतही आढळते. तिचा उगम बहुधा जॉन ॲलन यांच्या ‘टाइमसेव्हर’मध्ये आहे. ‘गोरी अँड डिफीटेड’ या गाजलेल्या लेआउटच्या या कर्त्याने 1972 मध्ये मांडलेले ते कोडे आहे, घड्याळ लावून खेळायचे. पुढे लोकांनी ते जसेच्या तसे आपल्या लेआउटमध्ये गाव म्हणून बसवले. खरा रेल्वे इंजिनीअर असे गाव कधीच आखणार नाही, कारण प्रत्येक जादा हालचालीचे इंधन आणि मजुरी कंपनीच्या खिशातून जाते. त्याचा सारा खटाटोप कोडे टाळण्यासाठी असतो. यार्डातच वाघिणी गावांच्या क्रमाने लावून ठेवतात, म्हणजे वाटेतल्या स्टेशनात गाडी फार मोडावी लागत नाही. ज्या सायडिंगचा सांधा गाडीच्या जाण्याच्या दिशेने फुटतो, तिथे वाघीण आत ढकलायला इंजिन मागच्या बाजूला हवे. नाहीतर ते वाघीण आणि बफर यांच्या मध्ये अडकते. यासाठी लूपवरून वळसा घ्यावा लागतो. लूप लांब पडत असेल तर ती वाघीण आज तशीच पुढे नेऊन परतीच्या गाडीने सोडतात. हा निर्णय घेणे हेच खरे काम आहे. मग अडचणी नसतातच का? असतात, पण मालामुळे येतात. सिमेंटची वाघीण भरणीच्या नळाच्या बरोब्बर खाली उभी राहायला हवी, आणि तिच्या वाटेत अर्धवट रित्या झालेल्या दोन उभ्या असतील, तर त्या काढून काम झाल्यावर पुन्हा होत्या त्याच दारांसमोर लावाव्या लागतात.

वेगाबद्दल थोडक्यात. वाघिणी जोडताना ताशी चार मैलांहून अधिक वेग नको, हा अमेरिकी यार्डांतला सर्वपरिचित दंडक आहे. 1:87 या एचओ प्रमाणात तो सेकंदाला साधारण दोन सेंटिमीटर येतो. चाळीस फुटी वाघीण तिथे चौदा सेंटिमीटरची, म्हणजे स्वतःच्या लांबीइतके सरकायला तिला सात सेकंद लागतात. त्यात सांध्याचे कुलूप काढणे, हातब्रेक सोडणे, ब्रेकची हवा तपासणे यांसाठी थांबायचे धरले, तर तीन वाघिणींची अदलाबदल अर्धा तास सहज घेते. मायामीच्या औद्योगिक रुळांवर बेतलेले लेआउट उभारणारे लान्स माइंडहाइम या संथपणाचा पुरस्कार करतात, आणि लहान खोलीवाल्यांना याहून सोयीचा सल्ला मिळणे कठीण.

आता आपल्याकडचा आक्षेप. भारतात सुटी वाघीण जवळपास इतिहासजमा झाली आहे. माल अख्ख्या रेकने, म्हणजे जोडलेल्या वाघिणींच्या पूर्ण ताफ्याने जातो, मग वाघिणीचा हा सिद्धान्त इथे लागू कसा पडणार? लागू पडतो, फक्त चिठ्ठी रेकला मिळते. बॉक्सएन या उघड्या वाघिणींचा 58 चा रेक सुमारे 620 मीटर भरतो, एचओमध्ये सात मीटरच्या वर. तो खोलीत मावणार नाही हे खरे. पण मालधक्क्याचा रूळ अख्ख्या रेकला पुरत नसेल तर खऱ्या स्टेशनातही रेक तोडून दोन भागांत लावावा लागतो. म्हणून सहा-सहा वाघिणींचे दोन रूळ, एक लूप आणि एक इंजिन यांवर धान्याचा किंवा सिमेंटचा मालधक्का चालवता येतो. रेक येतो, तुटतो, अर्धा धक्क्याला लागतो, आणि तिथून उतरवण्याची मोफत मुदत मोजली जाऊ लागते. वेगाने पळणारे घड्याळ भिंतीवर असेल तर ती मुदत डोळ्यांदेखत सरते. तेवढ्यात माल उतरला नाही, तर व्यापाऱ्याला डेमरेज, म्हणजे विलंबाचा आकार भरावा लागतो.